गायकवाडकाकांचं लॅमिनेशन

गायकवाडकाकांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला, की ते आधी तो उजेडात तिरका धरत आणि नखाने कोपरा खरवडून बघत. बारसं आहे की बारावीचा निकाल, ते नंतर. "फिल्म सुटतेय," असं तोंड वाकडं करून सांगत, मगच पेढा खात. माझ्या साखरपुड्यात त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "मिठाई बेस्ट. पण खोकं कुठनं उचललं?" सासरे अजून त्यांना खोक्यांचे दलाल समजतात.

आम्ही दोघं उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कारखान्यात होतो. मिस्ड कॉल देऊन कामं उरकायचे ते दिवस. छापलेल्या पुठ्ठ्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म, कधी गुळगुळीत, कधी मखमली, चढवायची हे काकांचं काम. त्याची खोकी चिकटवायची हे माझं. मशीन सुरू झालं की काका रोलरशी लाडाने बोलत, "हळू राजा, हळू. सुरकुती नको." आमच्या वाट्याला मात्र दिवसभर, "ए, हात पुसून!"

एकदा मेंदीच्या खोक्यांची ऑर्डर निघायची होती. टेम्पो दारात. काकांनी एक शीट उचलली आणि मशीनच बंद केलं. शेठ धावत आले.

"क्या हुआ साईं?"

"शेठ, नवरीला गालगुंड झालंय."

छापलेल्या नवरीच्या गालावर फिल्मखाली टपोरा बुडबुडा होता.

"अरे, गाल कौन देखता है? मेंदी हाथ पे लगती है!"

"नवरी आहे शेठ. अशी पाठवायची नाही."

टेम्पोवाला चहा पीत बसला. एकेक नवरी तपासूनच बाहेर पडली.

असे हे काका एकदा तापाने आले नाहीत, म्हणून मी विठ्ठलवाडीला त्यांच्या चाळीत गेलो. ते कॉटवर झोपले होते. दार काकूंनी उघडलं. काचबिंदूने त्यांची नजर गेलीय, हे मला तेव्हा कळलं. काका कधी बोललेच नव्हते.

काकू चहा टाकायला लागल्या. मी उठलो, तर म्हणाल्या, "बसा हो, जमतं मला."

फळीवरच्या डब्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यांवरून बोटं फिरवत त्या म्हणाल्या, "गुळगुळीत ती साखर, मखमली ते मीठ, नुसता पुठ्ठा ती चहापत्ती. आधी गोंधळ व्हायचा. चहात मीठ पडायचं, आणि हे गपचूप पिऊन टाकायचे. मी चहा घेत नाही; एकदा सहज ह्यांच्या कपातला घोट घेतला, तेव्हा कळलं. फार रडले मी. दुसऱ्या दिवशी हे पट्ट्या घेऊन आले."

कॉटवरून घोगरा आवाज आला, "काय सांगत बसलीस त्याला? वेस्ट माल होता, आणला."

आणि काकांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.