साठ मिनिटांचं दान

दान गुप्त असावं, असं शास्त्र सांगतं. ते शास्त्र लिहिलं गेलं तेव्हा लाउडस्पीकर निघालेला नव्हता, हे ध्यानात घेतलं म्हणजे शास्त्रकारांना दोष देता येत नाही. आमच्या खानदेशात लग्नातला आहेर मायकवर पुकारला गेला, तरच तो दिला असं धरतात. पुकारण्याआधीच नवरदेवाच्या हातात पाकीट टेकवून निघणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर पाकीट रिकामं असतं.

हे मी अधिकाराने सांगतो. एरंडोल तालुक्यात गेली एकोणीस वर्षं आहेर पुकारण्याचं काम प्रस्तुत लेखक, म्हणजे जीवराम शंकर बडगुजर, करत आहे. (मानधन नाही. टोपी, नारळ आणि जेवण.) त्यामुळे १९८९ साली गावात नेत्र सहाय्य समिती निघाली, तेव्हा चिटणीसपद माझ्याकडे आपोआप चालत आलं.

समितीचा उद्देश मोतीबिंदूचं मोफत शिबिर भरवणं हा होता. अध्यक्ष तोताराम दगडू पाटील, जिनिंगवाले, ऊर्फ आबा. परदेशातले गाणारे लोक रेकॉर्ड काढतात आणि विक्रीचे पैसे दुष्काळाला देतात, असं आबांनी रेडिओवर ऐकलं होतं. दुष्काळ आपल्याकडेही होता, पण तो सरकारकडे असल्याने त्यात हात घालणं बरं दिसलं नसतं. म्हणून मोतीबिंदू. कॅसेट काढायची, वीस रुपयांना विकायची आणि आलेला पैसा शिबिराला द्यायचा, असा ठराव एकमताने झाला.

गाणार कोण, हा प्रश्नच नव्हता. झुंबरबाई.

झुंबरबाई चार मैलांवरच्या खेड्यातली. हळदीच्या मांडवात बसून विहिणीची खोड काढणारी गाणी म्हणायची. ही गाणी पाठ करून येत नाहीत. विहीण समोर बसलेली असते. तिची नथ, तिचं पोट, तिचं बसणं बघायचं आणि तिथल्या तिथे कडवं जुळवायचं. बारा गावांच्या विहिणी तिला घाबरत, आणि तिने आपल्याला काहीच म्हटलं नाही तर रुसत. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कडवी चुकायला लागली. कासोद्याच्या एका लग्नात तिने अर्धा तास जिची टिंगल केली, ती विहीण नसून शाल पांघरलेलं गाद्यांचं गाठोडं निघालं. गाठोड्याने शांतपणे ऐकून घेतलं. विहीण मात्र जेवायला बसेना. त्यानंतर झुंबरबाईला आमंत्रणं येईनाशी झाली.

“भाऊ, माले इहीण दिखस नई,” ती मला म्हणाली. “आंधयी बाईनी खोड काढी ते लोके हासतस, पन इहीणले नई, माले हासतस. तुमी मना डोया करी द्या, मी आठ गाना म्हनसू.”

आठ गाण्यांच्या बदल्यात पहिलं ऑपरेशन तिचं, या मागणीला समितीने तत्त्वतः मान्यता दिली.

रेकॉर्डिंग आबांच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या गाठींच्या मधोमध झालं, कारण गाठींमध्ये आवाज घुमत नाही. यंत्र फारुख शेख करीम यांचं. स्टँडजवळ त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे. आठ गाणी, अठ्ठेचाळीस मिनिटं. झुंबरबाई अशी गायली की समोरच्या गाठींतही आम्हाला विहिणी दिसायला लागल्या. आबांना हसताना ठसका लागला, तोही रेकॉर्ड झाला.

कॅसेट साठ मिनिटांची. बारा मिनिटं कोरी राहिली. कोरी जागा सोडणं म्हणजे दानाच्या पैशाची नासाडी, असं आबांचं मत पडलं. त्यामुळे समितीच्या अकरा सदस्यांची नावं माझ्या आवाजात भरली.

पहिली आवृत्ती सदतीस खपली. (पैकी अकरा कोणी घेतल्या, हे सांगायला नको.) समितीत निराशा पसरली. अशात सावद्याचे केळीचे व्यापारी लोटन वना चौधरी काही कामाने फारुखभाईंच्या दुकानात आले, त्यांनी ती नावं ऐकली, एकशे एक रुपये काढून ठेवले आणि विचारलं, “माझं कधी लागेल?”

चळवळीला दिशा मिळाली ती इथे. पुढच्या आठवड्यात समितीने दर ठरवले:

एकवीस रुपये: नाव व आडनाव.
एक्कावन्न: नाव, वडिलांचं नाव, आडनाव.
एकशे एक: वरील सर्व, शिवाय गाव व तालुका.
दोनशे एक्कावन्न: वरील सर्व, दोनदा.
पाचशे एक: वरीलप्रमाणे, मागे सनई.

बारा मिनिटांतली उरलेली जागा आठ दिवसांत भरली. मग गाण्यांकडे बघावं लागलं. कोणतं गाणं काढायचं यावर समितीत गंभीर चर्चा झाली. पहिलं गेलं ते जात्यावरचं, कारण आता सगळीकडे पिठाच्या गिरण्या आहेत. दुसरं गेलं ते पाळण्याचं. कुटुंबनियोजनाच्या धोरणाशी ते विसंगत होतं. तिसऱ्यात एका जावयाचा अपमान होता आणि एकशे एकवाल्यांत जावई बरेच होते. गाणं गेलं की जाहिरात होई, ‘नवी आवृत्ती, वाढीव मजकुरासह’, आणि खप वाढे. मूळ टेप एकच होती, काटकसर म्हणून नावं तिच्यावरच भरत गेलो. पहिली आवृत्ती घेतलेले बहुतेक लोक आपली कॅसेट परत आणून, त्यातली गाणी पुसून, नावं भरून घेऊन गेले. एक-दोन राहिल्या होत्या, त्यांची फीत कोणाच्या तरी जीपमधल्या टेपने खाल्ली.

चूक एकच झाली. पाचोऱ्याहून चिठ्ठी आली होती: ‘कौ. उखर्डू महाजन, रु. ५१’. कौ. म्हणजे कौतिक. अक्षर घाईचं होतं आणि प्रस्तुत लेखकाने ते ‘कै.’ वाचलं. कैलासवासी उखर्डू महाजन, असं सनईसह तालुकाभर गेलं. (सनई माझ्या पदरची. प्रसंग पाहून घातली.) कौतिकचे वडील उखर्डू महाजन त्या वेळी एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. भेटायला आलेल्या तीन गावांच्या नातेवाइकांना चहा त्यांनीच दिला. नंतर एसटीने एरंडोलला आले आणि माझ्यासमोर काठी आपटून म्हणाले, “मी जित्ता शे. हाई कॅसेटमा सांग.”

खुलाशाला चाळीस सेकंद लागले. ते मेंदीच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यातून घेतले.

शिबिराची तारीख येईपर्यंत नावांची संख्या तीनशे बारा झाली आणि गाणं एकच उरलं, विहिणीचं, चार मिनिटांचं, बाजू ब च्या अगदी शेवटी. अकराशे कॅसेटी खपल्या. एक घरात, एक लेकीच्या सासरी आणि एक ज्या भावाने एकवीसच दिले त्याला, असा सरासरी दरडोई हिशोब पडतो. टेपरेकॉर्डरवर तीन आकडी मीटर असतो, त्यावरचा आपला आकडा प्रत्येकाला पाठ झाला. लोटनशेठ ओळख करून देताना ‘बाजू ब, दोनशे चौदा’ असं सांगू लागले. स्थळं बघताना मुलाकडचे बाजू अ मधले आहेत का, अशी चौकशी होऊ लागली. आपल्या आकड्यापर्यंत फीत पळवायची, नाव ऐकायचं, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचं. नाव संपल्यावर कोणी पुढे ऐकलं, असं एकही उदाहरण समितीकडे नोंदलेलं नाही.

पैसा भरपूर जमला. शिबिर डिसेंबरात ठरलं, जळगावहून डॉक्टर यायचे होते आणि रुग्णांची यादी मी करत होतो. पहिलं नाव झुंबरबाईचं लिहिलं. अर्जात ‘संपूर्ण नाव’ असा रकाना होता, तिथे ‘झुंबरबाई (गाणारी)’ असं टाकलं. तेवढ्यात एक गंभीर बाब लक्षात आली. (माझ्याच लक्षात आली, हे नम्रपणे नमूद करतो.) समितीचा नियम क्रमांक चार: देणगीदारास शिबिराचा लाभ घेता येणार नाही. नियम चांगला होता. तो नसता तर बाजू अ ची सगळी म्हातारी मंडळी खाटा अडवून बसली असती. आणि देणगीदारांच्या यादीत अनुक्रमांक बारावर स्पष्ट लिहिलं होतं: झुंबरबाई, गाणी, नग आठ.

सगळ्यांत मोठी देणगी तिचीच होती, त्यामुळे तिला सूट देणं तर सर्वथा गैर ठरलं असतं. आबा हळहळले. मीही हळहळलो. झुंबरबाई जिनिंगच्या दाराशी गाठीला टेकून बसली होती आणि आमचं बोलणं ऐकत होती. आमच्या आवाजाच्या रोखाने ती मान फिरवत राहिली, कधी माझ्याकडे, कधी खांबाकडे.

तोड फारुखभाईंनी काढली. “जीवरामभाऊ, बाई का नाम दाताओं में से काट दो ना. आठ में से सात गाने तो वैसे भी गए. ये एक भी निकाल दो. गाना नहीं तो दान नहीं.”

बिनतोड होतं. ठराव झाला, गाणं काढलं, झुंबरबाई पात्र झाली. मोकळ्या झालेल्या चार मिनिटांत बावीस नवी नावं बसली आणि बाईचं एक वजा जाऊन एकूण संख्या तीनशे बावीस अधिक अकरा, म्हणजे तीनशे तेहतीस झाली. समितीच्या इतिहासात एकाच ठरावाने दोन सत्कार्यं साधल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला आणि तो लावून झुंबरबाई सरळ फारुखभाईंच्या दुकानात आली. तिला आपलं गाणं ऐकायचं होतं. मी तिथेच होतो. फारुखभाईंनी कॅसेट लावली. ती उभ्याने ऐकत राहिली, बाजू अ, मग बाजू ब, पूर्ण साठ मिनिटं. सगळी कॅसेट सलग ऐकणारं ते पहिलंच माणूस. शेवटी खटका पडला.

“बठ्ठा नावं व्हई गयात, भाऊ,” ती म्हणाली. “आते गाना कवय लागी?”

फारुखभाई पेचकस शोधू लागले. पेचकस त्यांच्या हातातच होता. पुढच्या आवृत्तीत लागेल, असं मी म्हणालो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

वैशाखात आबांच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दुपारी मी आहेर पुकारत होतो आणि त्रेचाळिसाव्या नावाला वीज गेली. मायक मेला. मांडवात एकदम शांत झालं. त्या शांततेत कोपऱ्यातून झुंबरबाईचा आवाज उठला. चष्मा सावरून तिने समोर बसलेल्या विहिणीला नथीपासून जोडव्यापर्यंत बघितलं आणि एकेक कडवं सोडलं. विहीण हसून आडवी झाली. मग झुंबरबाई आमच्याकडे वळली. आबांचं पोट घेतलं, लोटनशेठचा आकडा घेतला, उखर्डू महाजनांचं मरण घेतलं. शेवटी चष्मा माझ्यावर रोखून जीवराम शंकर बडगुजर हे नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट, दोनदा, आणि तेही एक पैसा न घेता. पाऊण तास मांडव लोटपोट होत होता. वीज नसल्याने कोणाचाच टेप चालू नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन मी वही उघडली. या बाईचं नाव रीतसर घ्यायचं, दोनशे एक्कावन्नच्या दराने, पैसे मी भरीन, असं ठरवलं. ‘झुंबरबाई’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. पुढचं मला ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं तिची गाणी ऐकली, आणि नवऱ्याचं नाव, आडनाव, खेड्याचं नाव, काहीच कधी विचारलं नव्हतं.

तुम्ही एव्हाना मला मनसोक्त हसून घेतलं असेल. हरकत नाही. तुम्हाला आबांचं पूर्ण नाव माहीत आहे, लोटनशेठचं आहे, फारुखभाईंचं आहे, शेंगा फोडणाऱ्या म्हाताऱ्याचंही आडनाव तुम्हाला माहीत आहे. झुंबरबाईचं तुम्ही तरी कुठे विचारलंत?