बिनफोडणीचा नोव्हेंबर

आमचे शेजारी वानखेडे कोल्ह्याचं मूत विकत आणत. बाटलीतून. ते बुटांच्या तळव्यांना लावून पहाटे रानात जात, हरणाच्या शिकारीला. माणसाचा वास आला की हरीण पळतं. कोल्ह्याचा आला तर त्याला वाटतं, असेल शेजारपाजारचा कोणी.

माझी तक्रार त्या मुताबद्दल नव्हती. तक्रार ही, की या माणसाचे सगळीकडे लाड होत.

२००४ साली आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात घर घेतलं, तेव्हा त्यांची-आमची भिंत एकच निघाली. वानखेडे मूळचे नागपूरचे, पन्नाशीचे, एकटे, आणि नेमके माझ्याच ऑफिसात. आमचा मॅनेजर मला ‘हे, बडी’ म्हणायचा, कारण त्याला माझं नाव आठवत नसे. वानखेड्यांना मात्र तो नावानं हाक मारून कॉफी आणून द्यायचा, कारण तोही शिकारी, आणि दोघं अंगाचा वास झाकणाऱ्या पाइनच्या अर्काबद्दल अर्धा अर्धा तास बोलायचे. मीही एकदा मध्ये तोंड घातलं. "मला चंदन आवडतं," म्हणालो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाइनकडे वळले.

शिकारीचा सीझन नोव्हेंबरात. ऑक्टोबर संपत आला की वानखेड्यांचं सोवळं सुरू. साबण बिनवासाचा, शाम्पू बिनवासाचा, दात घासायचे तेही खाण्याच्या सोड्यानं. शिकारीचे कपडे पाइनच्या फांद्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, गराजमध्ये. दिवाळीला कोणी उटणं पुढे केलं की हे चार पावलं मागे. मग बोट ओलं करून वर धरायचं आणि म्हणायचं, "हवा पाहा जी, हवा!" हे आमच्या हॉलमध्ये, सगळ्या खिडक्या बंद असताना.

तेही मी सोसलं असतं. पण सोवळं भिंत ओलांडून आलं. पहिल्याच वर्षी वानखेडे दारात उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "नीलावहिनी, महिनाभर फोडणी नका देऊ. भिंतीतून येते जी."

मी हसलो. नीला हसली नाही. "बरं," म्हणाली.

बरं! लग्न झाल्यापासून मी तिला भाजीत मिरची कमी घाल म्हणून सांगतोय, कधी ऐकलं नाही. आणि या माणसाच्या एका शब्दावर घरातला हिंग फ्रीझरच्या तळाशी गेला. दर नोव्हेंबरात आम्ही बिनफोडणीचं वरण आणि उकडलेल्या भाज्या गिळायच्या. वर त्यातलाच डबा भिंतीपलीकडे जायचा.

"एकटे आहेत रे ते," नीला म्हणायची.

"मीपण या घरात एकटाच आहे," मी म्हणायचो. उपयोग शून्य. मी जळत होतो, आणि जळल्याचा वास मात्र भिंतीपलीकडे जात नव्हता.

बरं, एवढं करून मारलं काय? काहीच नाही. "अगदी झाडाखाली आलं होतं बाप्पा. मग हवा फिरली." हे सांगताना माझ्याकडे असं पाहायचे, जणू मी चोरून पापड भाजला असावा. भाजला होता, पण एकदाच.

त्यांच्या गराजमध्ये आणखी एक डबा होता. निळा, झाकणाभोवती चिकटपट्टी. माझी खात्री होती की खरा हुकमी वास त्यातच असणार, मॅनेजरलाही न सांगितलेला.

एका वर्षी सीझन संपला त्या रविवारी, संध्याकाळी, वानखेड्यांनी आम्हा दोघांना गराजमध्ये बोलावलं. हात त्या निळ्या डब्यावर. "एक काम होतं वहिनी. तुमचं नाक चांगलं आहे." त्यांनी चिकटपट्टी काढली. आत एक मरून स्वेटर होता, कोपरापाशी विरलेला.

"मालूचा," ते म्हणाले. मालू त्यांची बायको. आम्ही राहायला यायच्या आधीच गेली होती. "थंडी सोसायची नाही तिला. स्वयंपाक करताना हाच घालायची. तिची फोडणी याच्यात बसली आहे. महिनाभर नाक उपाशी ठेवलं की येते थोडीशी. म्हणून वर्षातून एकदाच उघडतो, उडून जायला नको." मग म्हणाले, "या वर्षी मला नाही आली जी."

हरणाचं नाव त्यांनी काढलं नाही.

नीलानं स्वेटर उचलला नाही, नुसती वाकली. "आहे," ती म्हणाली. "हिंग आहे. जिरंही आहे."

मग मी वाकलो. मला प्लास्टिकचा वास आला. बाकी काही नाही. नीला माझ्याकडे पाहत होती.

"मोहरी," मी म्हणालो. "जरा करपलेली."

"करपायचीच!" वानखेड्यांचा चेहरा एकदम उजळला. "रोज करपवायची जी! फोनवर बोलत बसायची ना!" त्यांनी घाईघाईनं झाकण लावलं आणि चिकटपट्टी तळव्यानं पुन्हा पुन्हा दाबली.

घरी आलो. मला तेव्हाही हेवा वाटत होता, पण आता वानखेड्यांचा नाही, मालूचा. माझा एखादा बनियन कोणी असा जपून ठेवेल, अशी मला काही खात्री वाटेना. नीलानं फ्रीझरमधून हिंग काढला होता आणि कढल्यात तेल घातलं होतं. महिन्यानं पहिल्यांदाच.

"राहू दे," मी म्हणालो. "आजच्या दिवस राहू दे."

"का रे?"

"भिंतीतून जाते."