टिटवीचे पाय आणि आभाळाचं स्थैर्य

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती आणि नदीला गोट्यांचा लांबरुंद काठ होता. त्या काठावर टिटव्या राहत. टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. ती गोट्यांमध्येच, उघड्यावर अंडी घालते, आणि अंडीही अगदी गोट्यांसारखी दिसतात. आता अशा काठावर हत्तींचा कळप पाणी प्यायला आला तर अंड्यांचं काय होईल? बरोबर, तेच होईल. पण तसं कधी होत नसे. हत्ती लांबचा वळसा घालून खडकाकडून नदीवर जात.

कारण टिटव्यांनी आभाळ धरलेलं होतं.

म्हणजे असं, की टिटव्या झोपताना उताण्या पडत आणि दोन्ही पाय वर करत. ते पाय नसते तर आभाळ केव्हाच खाली आलं असतं, असं सगळं जंगल मानत असे, म्हणून त्यांची झोपमोड करायला कुणी तिकडे फिरकत नसे. मग टिटव्या जाग्या असताना आभाळ कोण धरतं? हा प्रश्न तुम्हाला लगेच पडला, कारण तुम्ही लहान आहात. जंगलातल्या मोठ्यांना त्याचं उत्तर पाठ होतं. जाग्या टिटवीची नजर आभाळावर असते, त्यामुळे ते पडायला धजत नाही.

या काठावर सुलक्षणा नावाची एक टिटवी होती. तिचे वडील आप्पा हे अखिल अरण्य आभाळधारक टिटवी समाजाचे अध्यक्ष. मुलगी भारी हुशार. इतर पिल्लं किडे दिसले की खात, ही आधी मोजायची आणि मग खायची. त्यामुळे ती जरा हडकुळीच राहिली. मोठी झाल्यावर तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली. मग त्याहून मोठी पदवी घेतली. मग नोकरी कुठेच नव्हती, म्हणून तिने पीएचडी करायचं ठरवलं.

पीएचडीला गाईड लागतो. तिला गाईड मिळाले डॉ. मंदार कासव. सर फार विद्वान होते. त्यांना काही विचारलं की ते मान आत घेत. विद्यार्थी त्यांच्या पाठीपाशी बसून राहत. कुणी येऊन विचारलं, "सर आहेत का?" तर विद्यार्थी सांगत, "आहेत, पण आत आहेत."

सुलक्षणाने आपल्यापुरता एक विषय शोधून नेला होता. फुलपाखरांच्या पंखांवरचे ठिपके.

"ती एका जागी बसतात का?" सरांनी आतूनच विचारलं.

"नाही, सर."

"मग कशाला मागे धावतेस? नमुना घरचा घ्यावा. तुझ्या घरात काय आहे?"

"टिटव्या."

सरांनी मान बाहेर काढली, विषय सांगितला आणि मान परत आत घेतली. 'टिटवीचे पाय आणि आभाळाचं स्थैर्य: एक संख्याशास्त्रीय अभ्यास.'

काठावर आनंदीआनंद झाला. आभाळ आपणच धरतो हे आता शास्त्राने सिद्ध होणार, असं भाषण आप्पांनी केलं. समाजाने सुलक्षणाला कमळाचं पान पांघरवून तिचा सत्कार केला. तिचं तोंड त्या पानाखाली दिसेनासं झालं, पण आतून ती लाजत होती.

मग ती कामाला लागली. टिटव्या झोपल्या की ती त्यांचे पाय बघायची, मग आभाळ बघायची. पाय वर, आभाळ वर. पुन्हा पाय वर, आभाळ वर. निरीक्षणांचा असा ढीग साठला तेव्हा तो घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी वाचायला घेतला. ते वाचत होते तेवढ्यात तिच्या मैत्रिणींची लग्नं झाली, पिल्लं झाली आणि पिल्लं उडायलाही लागली.

"छान आहे," सर शेवटी म्हणाले. "पाय खाली असतात तेव्हा आभाळ कुठे असतं?"

"पाय खाली नसतातच, सर."

"मग तुलना कशाशी करणार? नियंत्रण गट लागेल. काही टिटव्या पाय खाली घेऊन झोपल्या पाहिजेत."

सुलक्षणा घरी आली. आप्पा गुडघ्यांना एरंडाचं तेल चोळत बसले होते. आयुष्यभर पाय वर करून झोपल्याने त्यांचे गुडघे फार दुखत.

"आप्पा, आमच्यात शून्य परिकल्पनेपासून सुरुवात करतात," ती चाचरत म्हणाली.

"शून्यापासून? एवढं शिकून?"

"म्हणजे असं धरून चालायचं, की पायांचा आणि आभाळाचा काही संबंध नाही."

तेल चोळायचं थांबलं. "असं धरायचं? अध्यक्षांच्या घरात बसून?"

"नुसतं धरायचं, आप्पा. पुरावा मिळाला की सोडायचं. आणि शंभरात पाच वेळा चूक झाली तरी चालते."

"शंभरात पाच वेळा आभाळ पडलं तरी तुमच्या सरांना चालतं?"

"त्यांना काय," आई मागून म्हणाली. "त्यांच्या पाठीवर कवच आहे."

नियंत्रण गट काही मिळाला नाही. एकही टिटवी पाय खाली घ्यायला तयार होईना. शेवटी एका दुपारी सुलक्षणाने एकटीनेच पाय पोटाशी घेतले, डोळे गच्च मिटले आणि ती जीव मुठीत धरून झोपली. उठली तेव्हा आभाळ जागच्या जागी होतं. ती धावत सरांकडे गेली.

"बाकीच्यांचे पाय वर होते ना?" सर म्हणाले. "त्यांनी धरलं असेल."

आणि मान आत.

अशात धाकट्या बहिणीचं, सुनयनाचं लग्न ठरलं. थोरलीची पीएचडी होईपर्यंत थांबायचं तर धाकटीही म्हातारी होईल, असं आईचं म्हणणं पडलं. मांडव पडला. सगळे टिटवे-टिटव्या झाडून आले, पलीकडच्या काठावरचे, वरच्या डोहावरचे, सगळे. मावशीने आल्या आल्या सुलक्षणाला गाठलं.

"मग? तुझं कधी होणार?"

"लग्न की पीएचडी?"

"जे आधी होईल ते," मावशी म्हणाली. "आम्हाला जेवायला मिळालं म्हणजे झालं."

जेवण मात्र असं झालं की विचारू नका. गांडुळांच्या शेवया होत्या. नाकतोड्यांची कुरकुरीत भजी होती. वाळवीचा शिरा तर व्याह्यांनी एकमेकांच्या चोचीत कोंबून कोंबून वाढला. जेवणं आटोपली, ऊन चढलं आणि सगळा मांडव आडवा झाला. जागी राहिली फक्त सुलक्षणा. प्रबंध अपुरा असला की घास उतरत नाही.

सवयीने तिने पाय बघायला सुरुवात केली. पहिल्यांदा मावशी. मावशी कुशीवर झोपली होती आणि तिचे पाय पोटाशी होते. चुकून झालं असेल, असं सुलक्षणाला वाटलं. पुढे व्याही होते. व्याही चक्क पालथे पडले होते. त्यांच्यापुढे आई, तीही कुशीवर. सुलक्षणा मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटली. सगळ्यांचे पाय खाली. कुणाचे पोटाशी, कुणाचे शेजारच्याच्या अंगावर, पण खाली. फक्त नवरदेवाचा एक पाय वर होता.

ती त्या पायापाशी श्वास रोखून उभी राहिली. पाय डुलला. पाय वाकला. मग हळूहळू खाली आला आणि नवरीच्या पंखावर टेकला.

सुलक्षणाने वर पाहिलं.

आभाळ होतं. निळं होतं. एक घार त्यात निवांत गोल गोल फिरत होती.

सुलक्षणा आधी एका पायावर नाचली, मग दुसऱ्या पायावर नाचली. नाचता नाचता ती आप्पांपाशी आली आणि थांबली. आप्पा गुडघे मुडपून झोपले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख तिने कधी पाहिलं नव्हतं. तिची चाहूल लागून त्यांनी एक डोळा उघडला.

"सुले, काय बघतेस?"

"आभाळ."

आप्पांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग मांडवभर नजर फिरवली. मग वर पाहिलं.

"आहे की," ते म्हणाले.

"आहे."

"मी तुझ्याएवढा होतो तेव्हाही होतं. थंडीत पाय कोण वर ठेवणार? सगळेच कधी ना कधी खाली घेतात. बोलत कुणी नाही, एवढंच."

"मग मला आधी का नाही सांगितलंत? माझी इतकी वर्षं गेली, आप्पा."

"तुला सांगितलं असतं. पण हत्तींना काय सांगू?"

सुलक्षणाने काठाकडे पाहिलं. गोट्यांमध्ये ठिकठिकाणी अंडी होती. ती कुठे आहेत ते फक्त टिटव्यांनाच कळत होतं. तिला रडू यायला लागलं.

"तुला जे लिहायचं ते लिही," आप्पा म्हणाले. "मी अडवणार नाही. हे बाप म्हणून सांगतो. अध्यक्ष म्हणून मी झोपलेलो आहे." आणि त्यांनी डोळा मिटला.

नंतर कितीतरी दिवस सुलक्षणाला एक ओळ लिहिता येईना. ती एक दुपार वगळली असती तर कुणाला कळणार होतं? पाय वर, आभाळ वर, प्रबंध मंजूर, समाज खूश. पण जे मोजलं ते मोजलंच नाही असं म्हणणं तिला जमेना. लहानपणापासूनची खोड. तिने सगळं खरं लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं.

"हे एकदाच घडलं?" सरांनी विचारलं.

"हो, सर. मला धाकटी बहीण एकच आहे."

"मुदत संपत आली आहे," सर म्हणाले. "दे पाठवून."

तोंडी परीक्षा काठावरच झाली. तिला डोंगरापलीकडच्या विद्यापीठातून डॉ. हसमुख तरस आले. ते प्रत्येक वाक्याला हसत. त्यामुळे त्यांना काय पटलं आणि काय पटलं नाही, हे कुणालाच कळत नसे. प्रश्न आभाळाचा, म्हणून वनराज सिंह स्वतः येऊन बसले. आणि हत्तीही आले. त्यांचे प्रमुख दिग्गजराव काठाच्या अगदी कडेला उभे राहिले आणि सोंडेने गोटे चाचपून बघू लागले. इथून नदी किती जवळ पडेल, याचा ते अंदाज घेत होते. तशा टिटव्या भराभर जाऊन आपापल्या अंड्यांवर बसल्या. सुनयनाही बसली. तिची तर पहिलीच वेळ होती.

सुलक्षणाने बहिणीकडे पाहिलं. मग तिने घसा साफ केला आणि सांगून टाकलं.

"सगळ्या टिटव्यांचे पाय खाली होते. आभाळ पडलं नाही."

दिग्गजरावांनी पुढचा उजवा पाय उचलला.

"किती वेळा?" तरसांनी विचारलं.

"एकदा."

तरस हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा? बाई, नमुना एकाचा? त्या दिवशी योगायोगाने पडलं नसेल. बरं, तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

"मी जागी होते. आभाळाकडे पाहत होते."

"संपलं. तुमच्या नजरेने थांबलं असेल."

"पण सर, न पाहता मी नोंद कशी घेणार?"

"तोच तर या विषयातला गाभा आहे," तरस म्हणाले आणि पुन्हा हसले.

वनराजांना यातलं काही कळलं नाही. ते अस्वस्थ झाले. "सरळ सांगा. आभाळ पडणार आहे की नाही?"

तेव्हा मंदार सरांनी मान बाहेर काढली. पुष्कळ वर्षांनी त्यांची पूर्ण मान लोकांना दिसली. "महाराज, पडणार नाही असं सिद्ध झालेलं नाही."

"आणि टिटव्यांच्या पायांनी थांबतं, असं?"

"तेही सिद्ध झालेलं नाही."

वनराजांची आयाळ ताठ झाली. आजवर त्यांना शांत झोप लागत होती, कारण आभाळ टिटव्यांच्या हवाली होतं. आता ते कुणाच्याच हवाली नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, की संशोधन पूर्ण होईपर्यंत जंगलातल्या प्रत्येकाने पाय वर करून झोपावं, वजनदारांनी आधी.

दिग्गजरावांचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला.

सुलक्षणाच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "महाराज, तुलनेसाठी एक गट पाय खाली घेऊन झोपणारा लागेल. आणि त्या गटाच्या आसपास कुणी फिरकता कामा नये. झोपमोड झाली तर निष्कर्ष बिघडतील."

"त्या गटाला धोका आहे का?"

"आहे, महाराज. शास्त्र तसं नाकारत नाही."

"मग कोण तयार होईल?"

वानर झाडावर चढून बसले. सापाने आपल्याला पाय नसल्याचं सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं. तेव्हा आप्पा गुडघ्यांवर पंख ठेवून कसेबसे उठले.

"महाराज," ते जड आवाजात म्हणाले, "जंगलासाठी हा त्याग आमचा समाज करेल."

सगळं जंगल गहिवरलं. दिग्गजरावांनी सोंडेने डोळे पुसले आणि कळपाला चार पावलं मागे घेतलं. सुलक्षणाला तिथेच पदवी मिळाली. शिवाय पुढच्या संशोधनासाठी एक विभाग मिळाला आणि ती त्याची प्रमुख झाली. सुनयनाला पुढे चार गोंडस पिल्लं झाली. आप्पांचे गुडघे दुखायचे थांबले.

आता त्या जंगलात दुपारी गेलात, तर हरणं, रानडुकरं, हत्ती आणि खुद्द वनराज उताणे पडून चारही पाय आभाळाला लावताना दिसतील. मंदार सरही हुकमाप्रमाणे उलटे झाले. कासव उलटं झालं की त्याला सुलटं होता येत नाही. ते अजून तसेच आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना अद्याप काही फरक जाणवलेला नाही.

तात्पर्य: मुलांनो, सत्य निर्भयपणे सांगावं. नमुना मात्र लहान ठेवावा, म्हणजे कुणाचंच नुकसान होत नाही.