चावी आत, सगळे बाहेर

‘घरचं जेवण’ या स्वयंपाकघराचं दार धाडकन बंद झालं, तेव्हा सगळी मंडळी बाहेर होती आणि चावी आत होती. बाहेर बोलावलं होतं प्रतीक्षाने. नव्या पाटीखाली सगळ्यांचा फोटो हवा होता तिला. दार एकदा ओढलं गेलं की आपोआप कुलूप बसायचं, हे फोटोच्या नादात ती विसरली.

बोईसरच्या फलाटावर, पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या नऊ जणांना घेऊन एका संस्थेने हे स्वयंपाकघर थाटलं होतं. त्यांनी रांधायचं, डबे पोचवायचे आणि त्यावर कुंभवलीतल्या दोन खोल्यांचं भाडं भागवायचं. प्रतीक्षा त्यांची प्रमुख. वय सव्वीस, समाजकार्याची पदवी ताजी. आज तारापूरच्या एका कारखान्यात ऐंशी माणसांचं जेवण साडेबाराला पोचवायचं होतं. आवडलं तर रोजचं काम मिळणार होतं. नाही मिळालं, तर महिनाअखेर खोल्या सोडाव्या लागणार होत्या.

“चावीवाल्याला फोन लावा!” प्रतीक्षा ओरडली.

“तो मनोरला लग्नाला गेलाय,” भिका म्हणाला. भिकाची सहा वर्षं फलाटावर गेली होती, त्यामुळे बोईसरात कोण कुठे गेलंय हे त्याला न विचारताही ठाऊक असे.

गाळ्याच्या मालकाला फोन केला. तो वसईहून म्हणाला, “दाराला ओरखडा जरी पडला, तरी गाळा खाली करायचा.”

खिडकीच्या गजांतून टेबलावरची चावी स्पष्ट दिसत होती. भिकाने बांबूला तार बांधली, बांबू आत घातला, चावी अलगद उचलली आणि ‘आली आली!’ म्हणेपर्यंत ती शेजारच्या पातेल्यात, भिजत घातलेल्या डाळीत पडली.

प्रतीक्षा पायरीवर बसली आणि तिला रडूच कोसळलं. गंमत म्हणजे, ‘अडचणीत डोकं शांत कसं ठेवावं’ यावर तिने कालच या नऊ जणांना दीड तास शिकवलं होतं.

मैनाबाई शेजारी येऊन टेकली. “ताई, कालचं तुमीच सांगितलंत ना? लांब श्वास घ्यायचा. धा आकडे मोजायचे.”

“मैनाबाई, आत गॅस आहे, मसाले आहेत, भांडी आहेत!”

“आन् बाहेर काय हाय ते बगा की.”

बाहेर टेम्पोवाल्याने नुकतंच टाकलेलं सामान होतं. तांदळाचं पोतं, वांगी, बटाटे, कांदे, तेल, मीठ.

“अकरा वरसं पुलाखाली रांधलंय मी,” मैनाबाई उठत म्हणाली. “तवा कुठं गॅस होता, नि कुठं दार होतं?”

पुढच्या दोन तासांत प्रतीक्षाने जे पाहिलं, ते तिला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. भिका नाहीसा झाला आणि मंडपवाल्याची दोन मोठी पातेली डोक्यावर घेऊन परतला. कधीकाळी पावसात त्याने त्या मंडपवाल्याच्या खुर्च्या झाकल्या होत्या. समोरच्या मोकळ्या जागेत, वाऱ्याला पाठ देऊन, मैनाबाईने विटांच्या दोन चुली मांडल्या. वखारीमागची तुटकी फळकुटं आली. पाणी कुठल्या नळाला किती वाजेपर्यंत येतं, हे इथे सगळ्यांनाच पाठ होतं. मुरबे गावची मंजुळा मासे विकून घरी निघाली होती. ती थांबली, माशांबरोबर विकायला आणलेला डब्यातला घरचा मसाला देत म्हणाली, “सगला घे, माझे घरी अजून हाय.”

प्रतीक्षा मदतीला गेली आणि धुराने तिचेच डोळे भरले.

“ताई, तुमी तिकडं उबं ऱ्हावा,” मैनाबाई मायेने म्हणाली. “तुमाला बाहेरची सवय नाय.”

प्रतीक्षा बाजूला झाली. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं, तरी एकाचा हात रिकामा झाला की दुसऱ्याची वस्तू त्यात येत होती. ज्यांना हिंमत शिकवायला ती आली होती, ते हे होते! बाराला वांग्या-बटाट्याचा रस्सा आणि भात टेम्पोत चढला. पुढे भिका बसला.

टेम्पो वळतो न वळतो तोच सायकलवरून नऊ जणांतला पुंजाराम आला. तो सकाळपासून मासवणला डबे पोचवायला गेला होता, म्हणून फोटोच्या वेळी नव्हता.

“बाहेर का सगळे?”

प्रतीक्षाने सांगितलं. पुंजारामने सायकल लावली, खिशातून वाकडी तार काढली आणि कुलपापाशी कान नेला. टक्. दार उघडलं. दारावर ओरखडासुद्धा नव्हता.

“काका!” प्रतीक्षा दाराकडे धावली. “तुम्हाला हे…?”

“मालेगावात कुलपांचं दुकान व्हतं माझं. बावीस वर्षं.”

“मग मला कधी सांगितलं नाहीत?”

“तुमच्या फारमात इचारलं व्हतं, दारू पिता का, तंबाखू खाता का, आजार कोणता. काय येतं, हे कुठं इचारलं?”

दोनच्या सुमाराला भिकाचा फोन आला. पातेली चाटूनपुसून रिकामी झाली होती. काम मिळालं होतं, मात्र साहेबांची एक अट होती. रश्श्याला हाच धुराचा वास रोज हवा.

त्या संध्याकाळी प्रतीक्षाने जुने फॉर्म गोळा केले आणि कोऱ्या कागदांवर एकच प्रश्न लिहून ते सगळ्यांना वाटले. तुम्हाला काय काय येतं?

लिहिता येत नव्हतं त्यांच्या शेजारी ती स्वतः पेन घेऊन बसली. मैनाबाई सांगत गेली, ती लिहीत गेली. कागदाची एक बाजू भरली. दुसरी भरली.

“झालं का मैनाबाई?”

“कुठलं? हे नुस्तं सैपाकाचं झालं,” मैनाबाई म्हणाली. “दुसरा कागद घ्या.”