अब्बांनी भरलेली गाडी

त्या शुक्रवारी कारकुनाने ठरवलं, आज आपणही घरच्यांच्या उपयोगी पडून दाखवायचं. झालं, घोळ तिथंच सुरू झाला.

घरात मायलेकींनी एक पण केला होता. गावाबाहेरच्या छावणीत निर्वासित पोराबाळांसकट चिखलात अनवाणी फिरत होते. त्यांच्यासाठी चपला-बुटांनी गाडी भरून पाठवायची, आणि ती भरेपर्यंत दोघींनीही पायात काही घालायचं नाही. दारोदार हिंडून दोघींच्या टाचा सोलवटल्या होत्या. कारकुनाला बायकोच्या पायांकडे बघवत नव्हतं. (मदत मात्र त्याने आजवर फक्त सल्ल्याची केली होती.)

"अब्बा, एकच काम," लेकीने बजावलं. "नमाजनंतर मशिदीच्या दारापाशी ठेवलेले जोडे गाडीत टाका. मागच्या दाराचे, बरं का."

हा उशिरा पोचला, शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि नमाज संपताच उत्साहाने सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. आत इमामसाहेब निर्वासितांसाठी दुआ मागत होते. पुढच्या दारात जोड्यांचा हा ढीग! मायलेकींच्या कर्तबगारीने त्याचे डोळेच भरून आले. पितळी बकलाचे तपकिरी बूट तर कोरे करकरीत.

"इतके चांगले देऊन टाकले?" ड्रायव्हरने विचारलं.

"आमच्या लोकांचं मन मोठं आहे," कारकून म्हणाला, आणि भरात स्वतःचेही जोडे आत फेकले.

गाडी गेली. मग माणसं बाहेर आली. इमामसाहेब पायमोज्यांवर उभे राहून पितळी बकलं शोधू लागले. सगळे कारकुनाच्या धुळकट हातांकडे बघत होते. मागच्या दाराकडून मायलेकी भरलेली पोती ओढत आल्या. लेकीने कपाळाला हात लावला. बायकोच्या सगळं ध्यानात आलं. पण पण म्हणजे पण, आणि गाडी तर भरून गेली होती.

"गाडी परत बोलावते," ती लोकांना म्हणाली. "आधी घरापर्यंत असंच चालून बघा. तरी बोलवावीशी वाटली, तर सांगा."

बाहेर रस्त्यावर खडी होती. इमामसाहेबांनी पहिलं पाऊल टाकलं, कळवळले आणि म्हणाले, "माझे तिकडेच राहू द्या." संध्याकाळपर्यंत कोणीच काही मागितलं नाही. उलट पोत्यांसाठी गाडीची दुसरी खेप झाली. मायलेकींनी पायात चपला घातल्या तेव्हा कारकुनाला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर हातात एक जोडी घेऊन दारात आला. कारकुनाची.

"सगळ्या छावणीला दाखवली. कोणी घेईना. म्हणाले, ज्या बिचाऱ्याने दिली त्याला आमच्यापेक्षा जास्त गरज आहे. म्हणून त्यांनी वर्गणी म्हणून तुम्हाला हीही जोडी पाठवलीय."

त्याने पिशवीतून दुसरी जोडी काढली. ती तपकिरी होती. पितळी बकलाची.