सैल दाराचं सक्षमीकरण

गरिबाला मदत करणं सोपं असतं. त्याने आपली मदत आपणच केली, तर ते सहन करणं फार जड जातं. चांगली चांगली माणसं या दुःखाने खंगली आहेत. त्यावर अलीकडे एक उपाय निघाला आहे: त्याने जे आपलं आपण चालवलंय, त्याला पाठबळ द्यायचं. पाठबळ म्हणजे पाठीवर येऊन बसलेलं बळ.

टेकडीवरच्या वस्तीचंच बघा. वर जायला अरुंद पायऱ्या आहेत. ॲम्ब्युलन्स खाली रस्त्यावर थांबते आणि हॉर्न वाजवते. (हॉर्न पायऱ्या चढतो. तेवढी सेवा घरपोच आहे.) वस्तीत एक इस्त्रीवाली राहते. तिच्या घराचं लाकडी दार बिजागरीत सैल. जरा उचललं की हातात येतं. कुणाला जास्त झालं की घरचं माणूस ओरडायचं, "दार!" मग इस्त्रीवाली, नळदुरुस्तीवाला, रंगारी आणि पाण्याचे जार वाहणारा जाड्या असे चौघं ते दार काढायचे, आजाऱ्याला त्यावर आडवं करायचे आणि खाली न्यायचे. दार परत येईपर्यंत इस्त्रीवालीची सासू उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या द्यायची. हे कुलूप आजवर कुणाला फोडता आलेलं नाही.

वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. ना परवानगी, ना अहवाल, ना फोटो. अशा अवस्थेला 'क्षमतेचा अभाव' म्हणतात.

तो दूर करायला संस्था आली. संस्थेचं धोरण स्पष्ट होतं: निर्णय लोकांनीच घ्यायचे. कोणते घ्यायचे, ते छापून आणलं होतं. सोबत 'स्थानिक नेतृत्व' विभागाच्या मॅडम होत्या. (त्या फार लांबून आल्या होत्या. स्थानिक माणसाकडे स्थानिकपणाचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे तो मुलाखतीतच गळतो.)

"तुमच्यात नेतृत्व कोण करतं?" मॅडमनी विचारलं.

"उतरताना पुढचे दोघं खांद्यावर घेतात, मागचे दोघं वाकतात," इस्त्रीवाली म्हणाली. "नेता बसवू कुठे? पेशंटच्या पोटावर?"

"बसव की गं," सासू उंबऱ्यातून म्हणाली. "डोक्याचं वजन तर नसेल त्याला!"

हे सगळं 'पारंपरिक शहाणपण' या सदरात गेलं.

मग गरजांचा अभ्यास झाला. वस्तीची मुख्य गरज शास्त्रशुद्ध रीतीने सापडली: इस्त्रीवालीच्या घराचं दार सैल आहे. तात्काळ नवं लोखंडी दार आलं, चौकटीसकट भिंतीत बसलं, बिजागऱ्या वेल्डिंगने पक्क्या झाल्या. हत्तीने ढुशी दिली तरी हलायचं नाही. दारावर संस्थेचं बोधचिन्ह आणि खाली ठळक घोषवाक्य: 'दार!' जुनं दार प्रदर्शनात मांडायला घेऊन गेले.

"मॅडम, हे निघत नाही," रंगारी म्हणाला.

"निघू नये म्हणूनच तर बसवलंय."

"मग माणूस न्यायचा कशावर?"

"तो निर्णय सर्वस्वी तुमचा," मॅडमनी हात जोडले. "आम्ही काहीही लादणार नाही."

"लादायचं काम आमचंच आहे हो," जाड्या म्हणाला. "कशावर, ते सांगा."

उत्तरादाखल समिती नेमली गेली. इस्त्रीवाली अध्यक्ष, रंगारी सचिव, जाड्या समन्वयक, आणि नळदुरुस्तीवाला तळागाळाचा आवाज. आवाजाला लगेच विमानाने लांबच्या परिषदेला पाठवण्यात आलं. (तळागाळाचा आवाज तळागाळात कुणाला ऐकू जाणार?) शंभर टक्के पदं स्थानिकांकडे गेली. उचलणारे तेवढे शिल्लक राहिले नाहीत. पण अहवालात तो रकानाच नव्हता.

पुढे टेकडीच्या पायथ्याच्या सभागृहात कौतुक सोहळा झाला. भरदुपारी, एसीच्या गार हवेत. स्टेजवर, मखमली दोरीच्या आड, ते जुनं दार उभं केलं होतं. शेजारी पाटी: 'कृपया हात लावू नये.' इस्त्रीवालीला माईकसमोर उभं केलं. तिने घसा खाकरला, तेवढ्यात मागून रंगाऱ्याची बायको पोट सावरत आत शिरली. दिवस भरत आले होते तिचे.

"दार!" ती ओरडली. "अगं, तुझ्या सासूच्या छातीत कळ आलीय, घामाने भिजलीय! वर कुणी नाही, सगळे कामावर. दार!"

घोषवाक्य ऐकताच सभागृह उठून उभं राहिलं. "दार! दार!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

इस्त्रीवालीने दोरी ओढून फेकली.

"हात लावू नका," मॅडम पुढे आल्या. "ते प्रदर्शनातलं आहे."

"माझ्या घराचं आहे."

"होतं. आता ते सगळ्यांचं आहे."

"मग धरा की सगळ्यांनी!" तीन कोपऱ्यांना ती, रंगारी आणि जाड्या असे तिघं लागले होते; चौथा अजून परिषदेतच होता. इस्त्रीवाली सभागृहाकडे वळली. "एक कोपरा मोकळा आहे. कोण येतंय?"

काय प्रश्न होता! लोक गहिवरले. कुणी चष्मा पुसला, कुणी व्हिडिओ काढला. अठ्ठ्याण्णव टक्के उपस्थितांना प्रश्न अंतर्मुख करणारा वाटला. (उरलेले दोन टक्के चहाला गेले होते.) तिघांना बाहेर जायला मात्र सगळ्यांनी अदबीने वाट करून दिली. प्रमुख पाहुणे म्हणाले, इतकं जिवंत पथनाट्य त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

तिघांनी म्हातारीला तीन कोपऱ्यांवर उतरवलं. छातीच्या दुखण्यातून ती वाचली. पायऱ्यांच्या शेवटच्या वळणावर मोकळ्या कोपऱ्याकडून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता उंबऱ्यात बसता येत नाही. पण काळजीचं कारण नाही; दार पक्कं आहे. ती आत पडून असते आणि शिव्या बाहेर येत नाहीत.

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असणार. स्वाभाविक आहे, तिसऱ्या रांगेत तुम्हीच तर होता, आणि टाळी सगळ्यांत मोठी तुमची होती. टाळी वाजवायला दोन्ही हात रिकामे लागतात. तुमचे होते.