अप्पांची गाठ

"अप्पा, तुम्ही नुसते बसा. बाकी मी बघतो," असं नागेशने निघतानाच सासऱ्यांना सांगितलं होतं. जर्मनीत, कार्ल्सरूहेत गिअरबॉक्स बनवणाऱ्याला एक हाऊसबोट काय जड! पण आठवडाभर सुकाणू धरून, संडासाची टाकी उपसून आणि अप्पांच्या सूचना ऐकून तो पार पिळून निघाला होता. आता त्याला एकच हवं होतं. पुढे कालव्याकाठी लाल कौलांचं देखणं गाव दिसत होतं. तिथल्या कॅफेत, न हलणाऱ्या खुर्चीवर बसून, एक कप कॉफी. कॅफे सहाला बंद होणार, हे बायकोने, ऊर्मिलाने, बघून ठेवलं होतं.

मध्ये फक्त श्लॉयझ होतं. म्हणजे दारं लावलेला मोठा हौद. बोट आत घ्यायची, पाणी उतरलं की खालच्या कालव्यात सोडायची.

"अप्पा, मागचा दोर काठावरच्या त्या खुंटाला वेढा घालून नुसता हातात धरा. पाणी उतरेल तसा सैल सोडा."

"नुसता धरू?"

अप्पांनी उभ्या जन्मात काही नुसतं धरलं नव्हतं. पुण्याहून येताना त्यांच्या बॅगा नायलॉनच्या दोरीने अशा आवळलेल्या असत की घरी कात्रीच लागायची. नागेश पुढचा दोर धरायला गेला आणि अप्पांनी मागचा बोटीच्या कड्याला करकचून बांधला. वर एक जास्तीची गाठ मारली.

पाणी उतरलं. बोटीचं पुढचं टोकही उतरलं. मागचं तिथेच लटकलं! स्वयंपाकघरातून आधी कांदे घरंगळत आले, मग थालीपिठाचं पीठ, मागोमाग ऊर्मिला.

"अप्पा, दोर सोडा!"

"सुटायचा नाही तो," अप्पा समाधानाने म्हणाले.

श्लॉयझवाल्याने धावत येऊन पाणी थांबवलं, पुन्हा भरलं. काठावर आइस्क्रीम चाटत गाव जमलं. कॅफेची मालकीणही एप्रनसकट आली. गाठ काही सुटेना. शेवटी पावाच्या सुरीने दोर कापला आणि बोट खाली उतरली.

नागेश कॅफेपाशी पोचला तेव्हा मालकीण खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होती. तिने त्याला ओळखून हात केला आणि दिवा मालवला. नागेशला खरोखर रडू येत होतं. तो पायरीवर बसला.

बोटीवर अप्पांचा पुण्याला, धाकट्या लेकीला, व्हिडिओ कॉल चालू होता.

"अगं नीलांबरी, आख्खं गाव बघायला आलं. बोट लटकली, पण गाठ हलली नाही. नागेशराव ना? दमलेत बिचारे. त्यांना सांगणार आहे, उद्या तुम्ही नुसते बसा. बाकी मी बघतो."